साडेचार पोटं

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याचं अर्धं पोट कापून काढलं, तेव्हा थोरल्या मुलानं काळजीनं विचारलं होतं, "उरलेल्या अर्ध्यावर भागेल ना?" डॉक्टर म्हणाले, भागेल, पण थोडं थोडं, पातळ पातळ, दर दोन तासांनी. हे ऐकल्यावर थोरल्यानं बापाला दवाखान्यातून थेट धाकट्याच्या घरी सोडलं. दर दोन तासांनी काही करायला थोरल्याच्या घरात कोणाला वेळ नव्हता. तो दूध सोसायटीचा चेअरमन होता. गाव त्याला चेअरमन म्हणायचं, बायको चेअरमन म्हणायची, आणि बापही आताशा चेअरमनच म्हणायला लागला होता.

म्हातारा उमेदीत जनावरांचा व्यापारी होता. बाजारात गाईचा ओठ वर करायचा, दातांवरून बोट फिरवायचा आणि तिचं वय सांगायचा. लोक त्याला दातबघे म्हणत. दुसऱ्यांचे दात बघता बघता त्याचे स्वतःचे कधी गेले ते त्यालाच कळलं नाही. आता तो दूध आणि पेज यांवर जगत होता, आणि दूध तांबडीचं होतं. तांबडी म्हणजे धाकट्याच्या घरातलं एकमेव जनावर. तांबडी दूध देत होती तोवर म्हातारा जगणार होता, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं इतकंच.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. जमिनीच्या वाटणीत थोरल्याकडे विहिरीचा तुकडा आला होता आणि धाकट्याकडे टेकडीचा. टेकडीवरून थोरल्याचं हिरवं रान छान दिसायचं. तांबडीही तिथे उभी राहून ते बघायची. खायला तिच्यापुढे मागच्या वर्षीचा काळा पडलेला कडबा असायचा. तो संपत आला तसं तिनं गोठ्याच्या छपराचं गवत जीभ पोचेल तेवढं ओढून खाल्लं. बरगड्या वर आल्या होत्या. पण खाल्लेलं सगळं ती बसून निवांत चघळायची, डोळे अर्धे मिटून, आणि दोन वेळा मिळून लिटरभर का होईना दूध द्यायची.

त्याच दिवसांत चेअरमननी नवा गोठा बांधला. खाली फरशी, वर पंखे, आपोआप भरणाऱ्या पाण्याच्या वाट्या. सहा गाईंसाठी गोठा आणि त्याच्या उद्घाटनाला तीनशे माणसं. धाकट्याला आणि त्याच्या बायकोला जेवणाचं आमंत्रण होतं, म्हणजे त्याला पहाटेपासून पाणी भरायचं आणि तिला भांडी घासायची.

घरी म्हातारा एकटा होता. दुपारी थोरल्याकडचा गडी डोक्यावर पातेलं घेऊन दारात आला.

"दातबघे, चेअरमनसाहेबांनी पाठवलंय. खास तुमच्यासाठी."

म्हाताऱ्यानं झाकण उचललं. तुपात न्हालेला भात, वर बेदाणे. पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं.

"एवढं?"

"बापाला काय हात आखडून पाठवायचं, म्हणाले. सगळ्यांसमोर भरलं. फोटो पण काढला."

"बरं. ठेव तिथे."

"ठेवून कसं चालेल? पातेलं परत न्यायचंय. तिकडे भांडी कमी पडलीत."

म्हातारा घरात गेला. दोन भांडी होती. एकात पाणी होतं, दुसऱ्यात त्याचं दूध. त्यानं एक वाटीभर भात मुलासाठी आणि सुनेसाठी काढून फळीवर ठेवला आणि बाहेर आला.

"बाकीचा घेऊन जा बाबा. म्हणावं पोट भरलं."

"परत नेऊ?" गडी दोन पावलं मागे सरला. "वहिनीबाई मला जिवंत ठेवतील? म्हणतील, सासऱ्यानं अन्न माघारी धाडलं. काय करायचं ते करा, मी तोवर तिकडे सावलीला विडी ओढतो. पण लवकर."

तो पाठ फिरवून बसला.

अन्न जमिनीवर ओतायचा म्हाताऱ्याला धीर होईना. तांबडी दावणीतून त्याच्याकडे बघत होती. दोन वर्षांत तिनं असं बघावं असं काही तिच्यासमोर कोणी आणलं नव्हतं. पसाभर धान्य जनावराला चालतं, पातेलंभर म्हणजे विष, हे म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगितलं होतं. आत्ताही त्याला ते आठवत होतं. पण त्यानं विचार केला, निम्मं खाईल, तोवर गड्याला पातेलं देऊन येऊ आणि उरलेलं बाजूला काढू. त्यानं पातेलं गव्हाणीत उपडं केलं, हातानं पुसलं, गड्याला दिलं. गडी म्हणाला, "चांगली भूक आहे की तुम्हाला!" म्हातारा काठी टेकत परत आला तेव्हा गव्हाण चाटून साफ झाली होती. तांबडीच्या नाकाला एक बेदाणा चिकटला होता. तो तिनं जीभ वर करून काढून घेतला.

दिवस मावळताना मुलगा आणि सून परत आले. सुनेच्या हातांची कातडी राखेनं पांढरी पडली होती.

"बाबा, भात जेवलात?" मुलानं विचारलं.

"जेवलो."

"सगळा?"

"सगळा. तुमचा वाटीभर फळीवर ठेवलाय."

"बघ," मुलगा बायकोला म्हणाला, "बाबांचं पोट सुधारलं." त्याला खरंच आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावाकडे मंडप सोडायला गेला तेव्हा त्यानं ते तिथेही सांगितलं. चेअरमन चहा पिता पिता चार लोकांना म्हणाले, "पातेलंभर जेवले बाबा. माणूस जेवतो हो. पण जेवायला मिळायला पाहिजे."

सून तेव्हा गोठ्यात होती. तांबडी उभी होती, पाठ वाकवून, मान खाली. कडब्याला तिनं तोंड लावलं नव्हतं. खाली पडलेलं शेण नेहमीचं नव्हतं. पातळ, पिवळट, आणि आंबलेल्या पिठासारखा वास. सुनेनं खराट्याच्या काडीनं ते पसरून बघितलं. भाताची शितं तशीच्या तशी होती आणि एक बेदाणा होता, फुगलेला. मग तिनं चुलीतली राख आणून त्यावर टाकली आणि सगळं उकिरड्यात लोटलं. ओसरीवर म्हातारा भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता. तिनं वर बघितलं नाही.

"मामंजी, पेज आणू?"

"नको. आज भूक नाही."

"भूक नसली तरी घ्यायची. दोन तास झाले."

दूध निघालं पाव लिटर. तेही पाण्यासारखं. दुपारी धाकटा घरी आला आणि गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून उभा राहिला. तिथे चांगल्या गाईचं पोट मिनिटाला एकदा-दोनदा तरी मुठीला ढकलतं. तांबडीचं ढकलेना.

"अशक्तपणा आहे," तो म्हणाला. "ताकद पाहिजे. साखरेचं पाणी पाजू."

"डॉक्टरला आधी विचारू या," बायको म्हणाली.

"साखरेनं काय होणारे? साखर कोणाला वाईट असते?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. भातानं आंबलेल्या पोटावर साखर म्हणजे चुलीत रॉकेल, हे त्या घरात फक्त त्याला माहीत होतं. पण ते सांगायचं तर भाताचं सांगावं लागलं असतं. मग ते मुलामार्फत चेअरमनपर्यंत गेलं असतं, आणि चेअरमनमार्फत गावभर. त्यानं तोंड मिटलं. मुलानं बांबूच्या नळीतून अर्धा किलो साखरेचं पाणी गाईच्या घशात सोडलं. म्हातारा उठून घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसला.

तिसऱ्या दिवशी तांबडी बसली ती उठेना. जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले. चार गावं त्यांच्याकडे होती आणि सायकल एक. त्यांनी कुशीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं.

"काहीच नाही," ते म्हणाले. "गिरणी बंद पडल्यासारखं गप्प आहे. काय खाल्लं हिनं?"

"कडबा," धाकटा म्हणाला.

"कडब्यानं असं होत नाही. वास बघा तोंडाचा. आंबलंय सगळं. धान्य खाल्लंय कुठेतरी. किती, काय, ते खरं सांगा, औषध त्यावर ठरतं."

ओसरीवर म्हाताऱ्यानं काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"मी घातलं," सून म्हणाली. "परवा. पिशवीत तळाला धान्य होतं, ते भिजवून घातलं. बरंच होतं."

धाकटा तिच्याकडे वळला. "तू? आपल्या खायचं धान्य? आणि मला आत्ता सांगतेस, साखर पाजून झाल्यावर?"

"साखर पाजली?" डॉक्टर म्हणाले. "अरे देवा."

"अक्कल म्हणून काही असते का नाही माणसाला!" धाकटा ओरडला. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "तुझ्या बापानं कधी गाय बघितली होती?"

"नव्हती बघितली," ती म्हणाली. "डॉक्टरसाहेब, आता काय करायचं?"

डॉक्टरांनी सोडा पाण्यात कालवून पाजला. मग हात धुताना ते तिलाच समजावायला लागले, कारण ऐकून घेणारी तीच एक होती.

"बाई, गाय गवत खाते असं आपण म्हणतो. गाय नुसतं पोचवते. हे पहिलं पोट, कोठीपोट, म्हणजे एक मोठा हंडा. त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, अब्जावधी. गवत खातात ते, आणि गाय त्यांच्यावर जगते. तिची अधूनमधून रवंथ करायची जी पद्धत आहे, ती त्यांच्यासाठी बारीक करून द्यायला. तुम्ही धान्य घातलंत, त्यातले आंबवणारे तेवढे माजले आणि बाकीचे मेले. आता तुम्ही समोर हिरवंगार रान ठेवलंत तरी ते पचवायला आत कोणी नाही."

"मग आत कोणी परत घालता येतं का?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. "येतं. धडधाकट जनावर रवंथ करत असताना त्याच्या तोंडातला घास काढायचा आणि लगेच हिच्या घशात घालायचा. चार-पाच घास. त्यात ते जीव असतात. पण ऊब असेपर्यंतच. वारा लागला, गार झाला, की गेला. काढला की घातला. नाहीतर खाटकाकडे जा, ताज्या बकऱ्याच्या पोटातलं पाणी गरम असतानाच भरून आणा. सोड्यानं एक दिवस निघेल. उद्या सकाळपर्यंत हे झालं तर गाय उठेल. मी उद्या दुपारी येतो, सकाळी दुसऱ्या गावाला जायचंय."

ते गेल्याबरोबर तिनं थर्मास धुतला. "मी खाटकाकडे जाते."

"खाटकाकडे कशाला?" नवरा म्हणाला. "सख्ख्या भावाच्या गोठ्यात सहा गाई उभ्या आहेत."

दोघं थोरल्याकडे गेले. नव्या गोठ्यात पंखे चालू होते. सहाही गाई फरशीवर बसून डोळे मिटून चघळत होत्या. सहा जबडे एका लयीत. धाकट्या सुनेला ते चघळणं बघून पुढे धावावंसं वाटलं.

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे," ती थोरल्या जावेला म्हणाली. "मी हात घालते, एक एक घास घेते आणि पळत जाते. तुमच्या गाईला कळणार पण नाही."

"कळणार कसं नाही? तोंडातला घास काढून घेतलेला माझ्या मुलाला सुद्धा कळतो," थोरली म्हणाली. "आणि आधीच सांगते, असा घास दिला की देणारीचं दूध आटतं. माझ्या माहेरी झालंय."

"डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत."

"डॉक्टर दूध विकतात का? ते मला नको सांगूस. चेअरमनना विचार."

चेअरमन आतून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि खाटकाचं नाव निघताच त्यांचा चेहरा बदलला.

"खाटीक? चेअरमनच्या दावणीला सहा गाई आणि भाऊ खाटकाच्या दारात? लोक काय म्हणतील? अजिबात जायचं नाही. घास मी देणार. पण असा चोरासारखा नाही द्यायचा. उद्या सकाळी सोसायटीच्या आवारात सगळ्यांसमोर. लोकांना पण कळू दे, असा काही उपाय असतो. लोकशिक्षण होतं."

"दादा, आत्ताच दिला तर..." धाकटा म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाले? उद्या सकाळपर्यंत ना? मग उद्या सकाळीच म्हणतोय मी."

येताना वाटेत धाकटी खाटकाच्या गल्लीला वळली. नवरा कोपऱ्यावर दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. खाटीक ओटा धूत होता. त्यानं थर्मासकडे बघितलं, तिचं सगळं ऐकलं, हात पुसले.

"दिलं असतं बाई, फुकट दिलं असतं. ते पाणी मी गटारातच ओततो. पण आहे काय माझ्याकडे? चेअरमनच्या उद्घाटनाला सगळी बकरी गेली. नवी उद्या दुपारी येतील. दुपारी या, तुमच्यासाठी पहिलं कापतो."

"दुपारी," ती म्हणाली.

"दुपारी," तो म्हणाला, आणि त्यानं तिचा रिकामा थर्मास उगाच पुसून परत दिला.

चौथ्या दिवशी सकाळी तांबडी मान टाकून होती, पण कान हलत होते. धाकटीनं तिच्या तोंडाशी ओलं फडकं धरलं, नवऱ्याला तिच्यापाशी बसवलं, आणि ती आठ वाजता सोसायटीच्या आवारात जाऊन उभी राहिली. कार्यक्रम नऊचा होता. फोटोग्राफर दहाला आला. टेबल, टेबलावर कापड, माइक, आणि चेअरमनना ऊन लागू नये म्हणून एक उभा पंखा. गाईंमधली सगळ्यात देखणी गाय धुऊन आणली होती. एवढी माणसं बघून ती चघळायचीच थांबली. तिनं परत सुरुवात करेपर्यंत आणखी अर्धा तास गेला.

मग गड्यानं तिच्या जबड्यात हात घालून चार घास काढले. हिरवे, ओले, वाफाळलेले. धाकटी पदर पसरून पुढे झाली.

"थांब, थांब," चेअरमन म्हणाले. "ताटात ठेवा. दोन शब्द बोलतो."

घास स्टीलच्या ताटात ठेवले. ताट टेबलावर, पंख्यासमोर. चेअरमन बोलायला लागले. आधी गोधनावर बोलले, मग भावाभावांच्या प्रेमावर. बाप पातेलंभर भात जेवला ते सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. धाकटी टेबलापाशी सरकली आणि तिनं ताटातल्या घासांवर दोन्ही हात ठेवले. भांडी घासून सोललेल्या हातांना ते अजून कोमट लागत होते. तिनं हातांवर पदर ओढला आणि पंख्याकडे पाठ करून उभी राहिली.

"बाई," फोटोग्राफर म्हणाला, "हात काढा. ताट दिसत नाही."

तिनं काढले नाहीत.

"अगं, हात काढ की," थोरली जाऊ खुर्चीतून म्हणाली. "एवढी कसली घाई? तुझंच आहे ते."

लोक हसले. तिनं हात काढले. फोटो निघाला. दुसरा निघाला. चेअरमन गाईला चार पोटं असतात यावर आले, आणि माणसाला एकच असूनही तो किती खातो, असं म्हणून स्वतःच हसले. सगळं मिळून त्यांचे दोन शब्द पस्तीस मिनिटं चालले.

ती ताट घेऊन धावत घरी आली तेव्हा घासांवर साय धरल्यासारखा कोरडा पापुद्रा आला होता. नवऱ्यानं जबडा धरला, तिनं एक एक गोळा जिभेच्या मुळाशी सारला. दोन खाली गेले. दोन ओठांच्या कडेनं बाहेर आले. तिनं तांबडीच्या कुशीवर कान ठेवला. ओसरीवरून म्हातारा विचारत होता, "काही वाजतंय का? अगं, काही वाजतंय का?"

"वाजेल," ती म्हणाली.

दुपारी ती थर्मास घेऊन खाटकाकडे जायला उठली, तेव्हा तांबडीनं पाय ताणले. एकदा, मग पुन्हा. डॉक्टरांची सायकल दारात आली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी ताट बघितलं, त्यातल्या उरलेल्या दोन गोळ्यांना बोट लावलं आणि ते पुसलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. गाय मेली, घरातलं दूध गेलं, आता म्हाताऱ्याला दूध आणायचं कुठून, हा प्रश्न धाकट्यानं आणि त्याच्या बायकोनं आपापसात सोडवला असता. पण संध्याकाळपर्यंत गावात बोललं जायला लागलं की चेअरमनच्या गाईच्या घासानं धाकट्याची गाय मेली. कोणी म्हणालं, घासाला नजर लागली. कोणी म्हणालं, भाषणाची लागली. चेअरमनना हे सहन होणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डॉक्टरांना आणि पंधरावीस माणसांना घेऊन टेकडीवर आले. तिथे खड्डा खणून झाला होता आणि तांबडी कडेला पडली होती.

"फाडून बघा," चेअरमन म्हणाले. "सगळ्यांसमोर. आमच्या घासाचा दोष नव्हता हे लोकांना दिसलं पाहिजे."

"कशाला आता?" धाकटा म्हणाला. "जाऊ दे ना दादा."

"जाऊ कसं दे? सोसायटीची अब्रू आहे."

म्हातारा काठी टेकत टेकडी चढून आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सून त्याच्या बाजूला उभी राहिली.

डॉक्टरांनी डाव्या कुशीवर सुरी चालवली. आधी पोटात कोंडलेला वारा सुटला, मग आंबूस वासानं पुढची माणसं मागे सरकली. डॉक्टरांनी कोठीपोट उघडून धरलं. आतली कातडी झाडाच्या सालीसारखी सुटून हाताला येत होती. "हे बघा," ते म्हणाले, "अशी जळलीये. आंबून जळलीये, कालच्या घासाचा काही संबंध नाही. हे जाळीचं पोट, हे पानांचं. आणि हे शेवटचं, हे तुमच्या-आमच्यासारखं. इथपर्यंत काही पोचलंच नाही." चेअरमननी समाधानानं मान हलवली. डॉक्टरांनी ओंजळीनं आतला लगदा वर काढला आणि पसरला.

लगदा पिवळा होता. शितं फुगली होती. आणि त्यात बेदाणे होते. पाच दिवस ओल्यात राहून त्यांची पुन्हा द्राक्षं झाली होती, गोल, तुकतुकीत. कोणीतरी मोजायलाच सुरुवात केली.

चेअरमन खाली वाकले. तीनशे माणसांच्या जेवणाला त्यांनी स्वतः बेदाणे निवडून आणले होते.

"हा तर माझा भात," ते म्हणाले.

"मामंजींचा घास जनावराला!" थोरली म्हणाली. ती पहिल्यापासून नाकाला पदर लावून उभी होती, तो तिनं आता खाली घेतला. "सासऱ्याला उपाशी ठेवून गाईला चारलं हिनं!"

धाकट्यानं बायकोकडे बघितलं. त्या दिवशी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोरल्याच्या अंगणात भांडी घासत होती, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्याला मागच्या चार दिवसांतलं सगळं एकदम कळलं. त्यानं बापाकडे बघितलं. बाप बेदाण्यांकडे बघत होता. बायकोचं नाव सोडवायचं तर बापाचं घालवावं लागणार होतं. धाकट्यानं खड्ड्याकडे बघायला सुरुवात केली.

"मी घातला," सून म्हणाली.

"कधी घातलात?" गर्दीतला गडी मध्येच बोलला. "पातेलं तर मी..." चेअरमननी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला आपण कोणाचे गडी आहोत ते आठवलं.

"मधेच आली असेल घरी," थोरली म्हणाली. "तरीच भांडी निम्मी तशीच होती."

मग म्हातारा बोलला. "तिनं नाही घातला. मी घातला. मला पचत नाही. गडी पातेल्यासाठी थांबला होता. मी घातला गव्हाणीत. ती घरी नव्हती."

एका पोक्त माणसानं जिभेनं चुकचुक केलं.

"बघा," तो म्हणाला. "उपाशी ठेवलं तिनं आणि हा म्हातारा अजून तिलाच पदराखाली घेतोय."

"म्हणूनच तर असली माणसं राहिली नाहीत आता," दुसरा म्हणाला.

"अरे, मी खरं सांगतोय!" म्हातारा ओरडला. त्याला दात नसल्यामुळे ते रडल्यासारखं वाटलं, आणि बघणाऱ्यांचे डोळे आणखी पाणावले.

"बाबा," चेअरमन म्हणाले आणि त्यांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवला. खूप वर्षांनी ठेवला असल्यामुळे तो कुठे ठेवायचा याचा त्यांना अंदाज आला नाही, तो मानेवर पडला. "आता एक शब्द नाही. चला घरी. माझ्या घरी. आमच्याकडे तुम्हाला कोणी उपाशी ठेवणार नाही."

गड्यानं म्हाताऱ्याला उचलून घेतलं. तो हलका होता. धाकटी पुढे झाली. "ताई, त्यांना दर दोन तासांनी पातळ लागतं. पेज, नाहीतर दूध. वाटीच्या वर नाही. भात अजिबात..."

"तू आम्हाला शिकवू नकोस," थोरली म्हणाली. "तुझं जेवू घालणं बघितलं सगळ्यांनी."

धाकट्यानं आपल्या आणि बायकोच्या वतीनं तांबडीवर माती लोटली.

दुपारी धाकटीनं पेज केली, ती वाटीत ओतली, वरून फडकं बांधलं आणि थोरल्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. फाटकाला कडी होती. आत अंगणात खुर्ची टाकून म्हाताऱ्याला बसवलं होतं, समोर स्टुलावर ताट. टेकडीवरून उतरलेली माणसं ओळीनं पायऱ्यांवर बसली होती, चहा पीत, बघत. ताटात भात, भाजी, तळलेलं, गोड. थोरली हातात पळी घेऊन उभी होती. चेअरमन खुर्चीमागे उभे होते.

म्हातारा जेवत होता. घास हिरड्यांनी दाबायचा, डोळे मिटून गिळायचा, मग पुढचा घ्यायचा. डावा हात सदऱ्याखाली, जिथे टाके होते तिथे दाबून धरला होता. कपाळावर घाम होता.

"मामंजी!" धाकटीनं फाटकातून हाक मारली. "पुरे करा! सांगा ना त्यांना, पुरे म्हणा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हाताऱ्यानंही बघितलं. तिच्या हातातली वाटी, तिचे सोललेले हात, फाटकाची कडी, सगळं त्यानं नीट बघून घेतलं. जनावर विकत घ्यायच्या आधी तो असंच बघायचा, आणि मग किंमत मोजायचा.

"आणखी भात वाढू?" थोरलीनं मोठ्यानं विचारलं, पायऱ्यांवर बसलेल्यांना ऐकू जाईल असं.

म्हाताऱ्यानं ताट पुढे सरकवलं.

"वाढ," तो म्हणाला.